दिनूचं खाली येणं

हाडांच्या डॉक्टरांच्या जिन्यावरून दिनू कठडा धरून, खेकड्यासारखा आडवा, एकेक पायरी उतरतोय. आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा हाच कप्तान. शपथेवर सांगतो, तेव्हा हा उडी मारायचा, आम्ही कँटीनमध्ये चहा पिऊन परत यायचो, तरी गडी वरच असायचा.

"दिन्या, आटप की. उभं राहून माझीही हाडं दुखायला लागली."

"उडी मारायला सगळ्यांनी शिकवलं रे," तो दम खात म्हणाला. "उतरायचं कुणी शिकवलंच नाही. आता गुडघे बदला म्हणतायत."

खरंच आहे. तो जमिनीवर आदळायचा तेव्हा आमचे डोळे जाळीतून पडणाऱ्या चेंडूवर असायचे. टाळ्यांच्या गोंगाटात गुडघ्यांची कुरकुर कुणाला ऐकू येणार?

अजून चार पायऱ्या आहेत. आज मात्र मी त्याच्या पायांवरून नजर हलवत नाही.