अनोळखी नंबर

सिरोंच्याच्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि गावात माझं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, रिचार्ज, झेरॉक्स आणि वरून फुकटचं शहाणपण. शहाणपणाचा तर मी मक्ताच घेतला होता.

माझ्या घराला लागून काकूंचं घर. नवरा कधीचाच गेलेला, एकच मुलगा. उन्हाळ्यात काकू तेंदूपत्ता तोडायच्या. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानांचे पुडे जमा करतात तिथे, मुन्शी नाव पुकारतो आणि बाया आपापला आकडा मोठ्याने सांगतात. तिथे जो हळू बोलला, तो बुडाला. त्यामुळे एक दिवस फोनवरून कोणी म्हणालं, ‘तेंदूपत्त्याचा बोनस आला आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा,’ तेव्हा काकूंनी अंगणात उभं राहून फळीवर सांगावा तसा तो ठणठणीत सांगितला. आकडे तेवढे त्यांना वाचता येत. खात्यात होतं ते सगळं गेलं.

“मले वाटलं, मुन्शीच इचारून राह्यला,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यावर चिडलो. खरं तर चोरावर चिडायला हवं होतं, पण तो हाती लागणार नव्हता. मी त्यांचा फोन घेतला आणि एक सेटिंग करून दिलं. “काकू, ज्याचा नंबर फोनमधी सेव नाई, त्याची घंटीच वाजणार नाई. आता तुमाले कोणी फसवत नाई.” काकूंनी फोन कपाळाला लावला. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात मी आणखी कितीतरी जणांचे फोन असेच करून दिले.

हिवाळा सरता सरता त्यांचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला, शेजारच्या गावच्या टोळीबरोबर. तो जाताना मी काकूंच्या फोनमध्ये त्याचा नंबर तपासला, सेव होता. रोज दुपारी त्याचा फोन यायचा आणि काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवला का गा?”

मग फोन यायचा थांबला. काकूंनी लावला तर बंद. “रिचार्ज संपला असन,” मीच म्हणालो. पाचव्या दिवशी त्या दुकानात आल्या, म्हणाल्या, “भाऊ, फोनच बिघडला का, पाय ना.”

मी आलेल्या फोनची यादी उघडली. एकाच अनोळखी नंबरावरून चार दिवसांत बावीस फोन येऊन गेले होते.

मी तो नंबर लावला. टोळीच्या मुकादमाचा होता. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी बोलत त्याने सांगितलं की मुलाचा फोन कालव्यात पडला, मग ताप चढला, तापात बडबड सुरू झाली, दवाखान्यात नेलं. आईचा नंबर तेवढा त्याला पाठ होता. दरवेळी तोच लावायला सांगायचा. आज पहाटे गेला.

काकू समोर स्टुलावर बसल्या होत्या. “बिघडला का?” त्यांनी विचारलं.

मिरचीला गेलेला माणूस कोणाच्याही फोनवरून घरी बोलतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. माझे वडीलसुद्धा मिरचीला जात. कधी शेतमालकाच्या, कधी चहावाल्याच्या फोनवरून बोलत, आणि नंबर कोणाचा हे आईने कधी विचारलं नाही. फोन वाजला की उचलायचा. हे सगळं मी दोन-चार व्हिडिओ पाहून विसरलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली. लोक म्हणतात, तुझा काय दोष, ताप होता. मी मान हलवतो. पण चार दिवस हातात होते, हे मला कळतं. मी कुणालाही माफ करीन, स्वतःला नाही.

तेराव्यानंतर काकू फोन घेऊन आल्या. “तू बंद केलं ते खोलून दे. सगळ्यायचे वाजू दे.”

मी खोलून दिलं. फसवणारे पुन्हा येतील, हे सांगायचं तोंड मला उरलं नव्हतं.

आता त्या प्रत्येक फोन उचलतात. काल माझ्या दुकानात बसल्या असताना घंटी वाजली. पलीकडे एक तरुण आवाज होता, लॉटरी लागली म्हणून सांगत होता. काकूंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग विचारलं, “जेवला का गा?”