मार्थाबाईंचा नळ

एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर चाळीस वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मोरीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं तसे ते धरतात. आपण काहीच करत नाही, नुसते बसून राहतो, म्हणूनच धरतात.

मी याकोब साळवे. राहणार येरवडा. शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या मेहेरबानीने. जन्मभर नळकाम केलं. आमच्या भागातल्या निम्म्या मोऱ्यांना माझा हात लागलाय. त्यामुळे गोड भाषा पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा.

बाकावर माझ्या शेजारी शिमोन बसतो. पोस्टातून रिटायर. तो म्हणतो, "तू हे किस्से सांगतोस तेव्हा लोक पोट धरून हसतात." हसतात खरे. मला मात्र हल्ली हसू येत नाही.

*

उजवीकडचा तिसरा बाक, मधल्या वाटेकडची जागा. बरोबर पंख्याखाली. ती माझी. कुठे लिहिलेलं नाही, पण अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. वर माझी छोटी गादीपण असते, बायकोने जुन्या साडीची शिवलेली.

एका रविवारी आलो तर गादीवर एक तरुण जोडपं. विदर्भाकडचं, पोरगा आयटीत. बाईच्या मांडीवर बाळ. मी बाजूला उभा राहून खोकलो. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरगा उठला.

"अंकल, बरं नाही का? पाणी आणू का?"

"पाणी नको. जागा पाहिजे!"

बिचारे उठले आणि शेवटच्या बाकावर गेले. तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. उकाड्याने बाळ रडायला लागलं, तेव्हा बाई त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. उपासना संपेपर्यंत उभीच.

त्या दिवशी उपदेशाचा विषय होता, परक्याचं स्वागत! मी तीनदा आमेन म्हणालो. पंख्याखालून!

ते जोडपं परत आलं नाही. मी मात्र "पाणी नको, जागा पाहिजे" हे वर्षभर सांगून टाळ्या घेतल्या. बाळाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

*

मग नवे पाळकसाहेब आले. नगरकडचे, वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, आवाज मऊ. पण मऊ आवाजाच्या माणसाला मी घाबरतो. तो शिव्या देत नाही, काम सांगतो.

आल्या आल्या त्यांनी मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. डावीकडे नाव लिहायचं, उजवीकडे आपण मंडळीसाठी काय करू शकतो ते. महिनाभर कागद लटकत होता. एका रविवारी त्यांनी तो काढून पुढे आणला आणि वाचायला सुरुवात केली.

"शिमोनकाका, प्रार्थना. गायकवाड कुटुंब, प्रार्थना. शिंदेसाहेब, प्रार्थना. सौ. शिंदे, प्रार्थना." असं जवळजवळ खालपर्यंत. मग चष्मा काढला.

"आपल्याकडे प्रार्थना करणारे भरपूर आहेत, झाडू मारणारा एकही नाही. तर मग आपण सगळे उभे राहू, आणि प्रभूनेच येऊन झाडू मारावा अशी प्रार्थना करू."

कोणी उभं राहिलं नाही. मी खाली मान घालून हसत होतो, तेवढ्यात त्यांनी परत चष्मा लावला आणि माझं नाव आलं.

"याकोब साळवे, प्रार्थना... आणि पुढे वेगळ्या अक्षरात, नळकाम."

मी बायकोकडे बघितलं. एस्तेर बायकांच्या बाजूला बसते. ती सरळ वेदीकडे बघत होती, जशी काही त्या गावचीच नाही!

*

त्याच दिवशी फाटकात मार्थाबाईंनी मला गाठलं. मार्थाबाई म्हणजे विधवा बाई, वय माझ्याएवढंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, ती मॉलमध्ये कामाला, तिला रविवारचीही सुट्टी नाही. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं.

"याकोबभाऊ, कागदावर तुमचं नळकाम वाचलं. माझ्या मोरीतला नळ गळतोय हो. बादली ठेवते, ती भरली की ओतते. फरशी सारखी ओली."

"आतला रबरी वायसर गेला असणार. दहा मिनिटांचं काम. पुढच्या रविवारी येतो."

आता रविवारी आमच्याकडे मटण असतं. मटणानंतर झोप. झोपेनंतर चहा. चहानंतर तीन जिने कोण चढणार? पुढच्या रविवारी मी म्हणालो, "पुढच्या रविवारी." त्याच्या पुढच्या रविवारी पण तेच. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मार्थाबाईंनी मोजले असणार.

एकदा त्या म्हणाल्या, "याकोबभाऊ, पुढचा रविवार म्हणजे नेमका कितवा हो? त्या मापाची बादली घेऊन ठेवते."

शिमोन एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी पण हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबा कोणी आणला होता?"

"मार्थाबाईंनी."

"त्यांनी पुढच्या रविवारी आणते म्हटलं असतं तर?"

मी मटण वाढायला सांगितलं.

*

मी अगदीच सेवा केली नाही असं मात्र नाही. एकदा केली. चुकून झाली, पण केली.

पाळकसाहेबांनी मला आणि शिमोनला सरकारी दवाखान्यात धाडलं. आमच्या मंडळीतले जोसेफ म्हणून एक जण ॲडमिट होते. त्यांना भेटायचं, प्रार्थना करायची, परत यायचं. वॉर्ड पाळकसाहेबांनी लिहून दिला होता, कॉट नंबरसकट. शिमोन पोस्टातला माणूस, पत्ता शोधण्यात चूक नाही! सरळ कॉटपाशी जाऊन उभा.

कॉटवर दाढीवाला माणूस डोळ्यांवर चादर ओढून पडलेला. शिमोन म्हणाला, "आजारपणात किती बदलतो माणूस!" आणि डोळे मिटून सुरू झाला. शिमोनची प्रार्थना म्हणजे पॅसेंजर गाडी, प्रत्येक स्टेशन घेणार. डॉक्टर, नर्स, औषधं, जोसेफची मुलं, मुलांच्या परीक्षा. मी मधे मधे आमेन लावत होतो. डोळे उघडले तर तो माणूस उठून बसलेला.

"भाईसाहब, तुमचे जोसेफ परवाच घरी गेले. माझं नाव युसुफ. आणि मी पेशंट नाही. पेशंट माझा भाऊ, त्याला एक्सरेला नेलंय. मी जरा पाठ टेकली होती."

शिमोनचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही माफी मागून पळायला लागलो, तर त्याने माझा हात धरला.

"बसा ना थोडं. चार दिवस झाले, जो येतो तो भावाची तब्येत विचारतो. मला आज पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं."

आम्ही बसलो नाही. शिमोनची बस चुकत होती.

*

नाताळात आमचं कॅरोलचं पथक निघतं. ढोलकी, टाळ, गिटार, सगळं असतं. घरं कोणती घ्यायची ती यादी शिमोन करतो. त्याची पद्धत मला ठाऊक आहे. जिथे केक तिथे तीन गाणी, जिथे चिवडा तिथे दोन, जिथे नुसता चहा तिथे एक. जिथे जिने, तिथे खालून!

मार्थाबाईंच्या बिल्डिंगखाली आम्ही संध्याकाळी उभे राहिलो आणि वर तोंड करून गायलो. त्या गॅलरीत आल्या. नवी साडी नेसलेल्या.

"वर या हो सगळे! चहा ठेवलाय!"

शिमोन खालून ओरडला, "पुढच्या वर्षी, मार्थाबाई! अजून पाच घरं आहेत!"

मी त्याच्या मागेच उभा होतो. वर बघितलं नाही, नाहीतर त्या नळाचं विचारतील.

रविवारी फाटकात त्या भेटल्या. नळाचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शेजारणीकडून कप मागून आणले होते. बारा. तुम्ही किती जण होता ते गॅलरीतून नीट दिसलं नाही."

शिमोन म्हणाला, "चौदा."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, "दोघांना कप कमी पडले असते."

*

फेब्रुवारीत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकसाहेबांचा निरोप आला. मार्थाबाई मोरीतल्या ओल्या फरशीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता घरी आहेत, पण अंथरुणाला खिळलेल्या. सर्वांनी प्रार्थना करावी.

मला मोबाइलवर लिहायला जमत नाही, पण नातीने मला ते जोडलेल्या हातांचं चित्र टाकायला शिकवलंय. दहा मिनिटांत ग्रुपवर खालपासून वरपर्यंत हातच हात! माझे पण. मी तर एका वेळी तीन टाकले. वाटलं, एवढ्याने भागतंय का बघू.

एस्तेर चष्मा लावून माझ्या मोबाइलमध्ये डोकावली.

"हात जोडलेले असले की पाना धरता येत नाही, नाही का हो?"

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. चाळीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा हा लहान होता आणि हा एकच मला पाठ आहे.

तरी मी गेलो नाही. खोटं कशाला सांगू? आधी आळस होता, आता लाज. दहा मिनिटांच्या कामापायी बाईचं हाड मोडलं, आता कोणत्या तोंडाने जिने चढू? लाज पण अशी सोयीची की तिच्यामुळेही घरीच बसता येतं. असे अजून तीन रविवार गेले.

*

चौथ्या रविवारी मी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. पाना गंजला होता, त्याला तेल दिलं.  एस्तेरने पिशवीत एक डबा ठेवला, मटणाचा. उपासनेची घंटा झाली तेव्हा मी मार्थाबाईंच्या बिल्डिंगखाली होतो.

चर्चमध्ये माझी जागा रिकामी, एस्तेरही दिसली नाही, म्हणून शिमोनने घरी फोन केला. एस्तेरला म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. याकोबची माती किती वाजता आहे?"

तीन जिने चढायला मला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर बसलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगी कामावर गेलेली. मार्थाबाई बाहेरच्या खोलीत कॉटवर. एवढीशी झालेली बाई, चादरीखाली कोणी आहे की नाही कळू नये.

"याकोबभाऊ! आज रविवार आहे ना? उपासना नाही?"

"आहे. मी नळाला आलोय."

त्या हसल्या. "पुढचा रविवार आला वाटतं!"

मी मोरीत गेलो. नळाखाली बादली होती, टप टप चाललं होतं. जिन्यातला पाण्याचा कॉक बंद केला, नळ खोलला, वायसर बघितला. पार झिजून कागद झालेला. नवा घातला, आटे साफ केले, टेप गुंडाळली, आवळला, कॉक चालू केला. थेंब नाही. जुना वायसर खिशात टाकला. घड्याळात बघितलं. दहा मिनिटंसुद्धा नाही, आठ.

फरशी कोरडी पुसली. हे माझं काम नव्हे, पण पुसली. आणि बाहेर येऊन कॉटजवळच्या स्टुलावर बसलो.

"झालं?"

"झालं."

"आता नाही गळणार?"

"दहा वर्षं बघायला नको."

मला वाटलं, बाई आता चार आशीर्वाद देईल. त्या मोरीकडे कान लावून पडल्या होत्या. घर एकदम गप्प झालं होतं.

"फार चांगलं काम केलंत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक बोलू का? रागावणार नाही ना?"

"बोला."

"पोरगी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. दिवसभर इथे कोणी नसतं. मला उठता येत नाही. पण तो थेंब बादलीत पडत राहायचा ना, तेव्हा वाटायचं, आत मोरीत कोणीतरी काहीतरी करतंय. आता हाक मारली तर ओ देईल."

मी पिशवीतून डबा काढला. डब्यातलं मटण ताटलीत वाढून त्यांच्या हाताशी ठेवलं. मग उठलो. बादली परत नळाखाली सरकवली. खिशातला जुना वायसर काढून तळहातावर घेतला, आणि जिन्यातला कॉक बंद करायला बाहेर गेलो.