वन्संची माकडशिंगी

दुपारची जेवणं उरकून मी सोप्यात चटईवर आडवी झाले आहे. डोळे मिटताहेत, कान मात्र जागे आहेत. परसात कुणीतरी दगड सरकवतंय. अशी दगडांची ओढाताण फक्त कुंदावन्संची, माझ्या थोरल्या नणंदेची. त्यांना जाऊन तीन महिने झालेत.

मी उठते, निदान उठल्यासारखं वाटतं. परसात वन्सं पाठमोऱ्या बसल्या आहेत. दहिवडीच्या माळावरून त्यांनी स्वतः आणलेले काळे दगड, मधे तांबडा मुरूम, आणि फटीफटीत माकडशिंगी. पानं नाहीत, नुसत्या चौकोनी, हिरव्या कांड्या. बारा वर्षं त्यांनी ती निव्वळ पावसावर जगवली. आता कांड्या पिवळ्या पडल्यात, बुडाशी मऊ झाल्यात.

"वासंती, पाणी घालतेस हिला?"

"रोज घालते. सकाळ-संध्याकाळ."

"कुजली बघ. हिला तहान सोसते गं, ओल नाही सोसत. सांगितलं नव्हतं मी?"

सांगितलं होतं. मी मान खाली घालते, तर दगडांवर पांढरी चादर आहे आणि वन्सं तिच्यावर निजल्या आहेत. शेजारी औषधाची बाटली. मूत्रपिंडं निकामी झालीत, दिवसाला दोनच पेले पाणी द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. वन्संचे ओठ फुटलेत.

"एक घोट दे गं."

"आजचं संपलं, वन्सं."

खरोखरच्या त्या शेवटच्या दिवशीही मी हेच म्हणाले होते. घोटभरानं काय झालं असतं?

या वेळी मी तांब्या उचलते. "प्या. हवं तेवढं प्या." पण मी ओततेय ते त्यांच्या तोंडात जातच नाही. चादर नाही, बाटली नाही. पाणी मुरुमावर पडतंय आणि मुरत नाही. कांड्या त्यात तरंगायला लागतात. वन्सं माझं मनगट धरतात. पकड घट्ट.

"पुरे. माझं पाणी हिला नको."

"मग मी काय करू?"

"कुजकं कापून टाक. चांगली कांडी चार दिवस सावलीत सुकव, मग लाव."

"वन्सं, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

त्या मनगट सोडत नाहीत.

"तहान फार लागली होती गं," एवढंच म्हणतात.

मी दचकून जागी होते. सोप्यात ऊन आलंय. उजव्या मनगटावर तांबड्या मातीची चार बोटं उमटलीत, आतल्या बाजूला अंगठा. माती अजून ओली आहे.