पाद्रीबाबांचा पहारा

आमच्या पाद्रीबाबांइतका उपाशी माणूस नाशिक जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. गरिबीमुळे नव्हे. चर्चचा पगार होता, आवारातच राहायला घर होतं, बायको वारलेली, मूलबाळ नाही, खाणारं तोंड एकच. पण या माणसाने दोन्हीकडचे उपास धरलेले. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ते पाळायचे, ते ठीक, त्यांचं कामच ते. पण त्याच्या जोडीला एकादशी, संकष्टी आणि श्रावणातले सोमवार. महाशिवरात्र त्या चाळिसांत सापडली की आमची कारभारीण साबुदाणा भिजवता भिजवता म्हणायची, "लोकांची एका देवाच्या प्रसादावर पोटं सुटतात, ह्यांना उपाशी राहायला दोन देव लागतात." एकादशीला आमच्या ओट्यावर बसून ते खिचडीच्या दोन ताटल्या संपवायचे. मी टोकलं तर म्हणायचे, "नाना, उपास तुमच्या धर्माचा आहे, भूक माझी आहे." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना चुकेन, पण जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने समोर येऊन बोलावं.

ओळख झाली ती झेंडूमुळे. नव्वद-एक्याण्णव साल असेल. पाद्रीबाबा सायकल हातात धरून मळ्यात आले. सायकलवर बसण्यापेक्षा ती हाताने ढकलण्याचीच त्यांना जास्त सवय. म्हणाले, नाताळला चर्चच्या दाराला तोरण पाहिजे, आंब्याच्या पानांचं, मध्ये झेंडू. मी म्हटलं, हे तर आमचं दसऱ्याचं तोरण. ते म्हणाले, आंब्याला कुठं ठाऊक आहे दसरा कोणता आणि नाताळ कोणता. मग दर वर्षी तोरण माझ्याकडूनच गेलं. पुढे एकदा त्यांना द्राक्षवेलीवर प्रवचन करायचं होतं, तर वेल बघितल्याशिवाय बोलायचं कसं म्हणून ऑक्टोबर छाटणीला माझ्या बागेत येऊन उभे राहिले. वही काढून सगळं लिहून घेतलं, आणि मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात कात्री घेऊन एका वेलीच्या फळकाड्या बुडापासून साफ कापून टाकल्या. त्या वेलीला त्या वर्षी पाल्याशिवाय काही आलं नाही. रविवारी मी मुद्दाम चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. तासभर त्यांनी काड्या, डोळे आणि ते फुटायला पेस्ट लावणं एवढंच सांगितलं, देव शेवटच्या पाच मिनिटांत आला. काडीवर किती डोळे ठेवायचे ते चुकीचं सांगितलं, तेव्हा मला राहवलं नाही, मी मागून मोठ्याने दुरुस्ती केली. कचेरीत काम करणारी ती सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. पाद्रीबाबा मात्र हात जोडून म्हणाले, "नाना सांगतात ते बरोबर." एवढ्या लोकांसमोर मला बरोबर म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री नाव थांबत नाही आणि वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकाने वीणा गळ्यात घालून नाव घेत उभं राहायचं, दुसरा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग वीणा त्याच्या गळ्यात. तो येईपर्यंत हलायचं नाही. एका वर्षी पाद्रीबाबा ऐकायला म्हणून उभे होते, आणि वीणेकऱ्याला उन्हाने चक्कर आली. पाद्रीबाबांनी पुढे होऊन वीणा झेलली आणि दोन तास धरली. तेव्हापासून पहाऱ्यांच्या फळ्यावर त्यांचं नाव असायचंच, अडचणीच्या वेळेला, जेव्हा गावचा एक माणूस फिरकत नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही येशूचे, चर्चचा झगा घालता, एका माणसाला असे दोन देव चालतात का? ते म्हणाले, "मला एकच आहे, नाना. त्याला अभंग आवडत नाहीत, हे आमच्या चर्चच्या कमिटीला कुणी सांगितलं तेवढं मला कळत नाही." वीणा धरून तुम्ही मनात कोणाचं नाव घेता, असंही मी विचारलं. त्यावर म्हणाले, मी तुम्हाला असं कधी विचारलं का?

दोन हजार सालचा सप्ताह. त्यांचा पहारा रविवारी सकाळी सहा ते आठ, त्यानंतर माझा. चर्च साडेआठला, दीड मैलावर, म्हणजे सायकल ढकलत गेले तरी पोचले असते. पण त्या वर्षी सप्ताहाच्या पत्रिकेत माझं नाव माझ्या धाकट्या चुलतभावाच्या खाली छापलं होतं. मी ठरवलं, दारात येऊन कुणी मानाने बोलावल्याशिवाय जायचं नाही. हे मी फक्त कारभारणीला सांगितलं होतं, त्यामुळे बोलवायला कुणी येणार तरी कसं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी ओट्यावर बसून. माझ्या आधी कोणाचा पहारा आहे हे मला ठाऊक होतं. वार कोणता हेही ठाऊक होतं.

तो त्यांचा झावळ्यांचा रविवार. हातात झावळ्या धरून गाणी म्हणत फेरी काढायची असते. सगळे चर्चच्या दारात पाद्रीबाबांची वाट बघत थांबले, मग काळजीने शोधत निघाले ते झावळ्यांसकट आमच्या गावात. मी ओट्यावरून पाहिलं, मला वाटलं शेजारच्या गावची दिंडी आली. देवळातल्या म्हाताऱ्यांनाही तसंच वाटलं. पुरुषमाणसं शेतात, नाहीतर महाप्रसादाची भांडी आणायला शहरात गेलेली, म्हणून म्हाताऱ्याच पुढे झाल्या आणि काळा कोट घातलेल्या कमिटीच्या सेक्रेटरीच्या कपाळाला त्यांनी बुक्का लावला. पुढचं मला त्याच म्हाताऱ्यांनी सांगितलं. सेक्रेटरी पाद्रीबाबांना म्हणाले, "साहेब, ते खाली ठेवा आणि चला. लोक कधीचे उभे आहेत."

"खाली ठेवता येत नाही."

"मग द्या कुणाला तरी."

बायकांच्या गळ्यात वीणा द्यायची रीत आमच्याकडे तेव्हा नव्हती. पाद्रीबाबा म्हणाले, "तुम्ही धरता का? थोडाच वेळ."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. आणि मग एक म्हातारी काठी टेकत माझ्या ओट्यापर्यंत आली नि म्हणाली, "नान्या, त्या माणसाचा जीव घेतो का रे? त्याचं देऊळ तिकडं उघडं पडलंय." बोलावणं आलं म्हणून मी उठलो. तरी टोपी झटकून घातली, उपरणं शोधलं. मी गेलो तेव्हा दहा वाजत आले होते आणि झावळ्यावाले निघून गेले होते. पाद्रीबाबा माझ्या पाया पडले, वीणा माझ्या गळ्यात घातली आणि सायकल ढकलत निघून गेले.

ईस्टर झाल्यावर कमिटी बसली. त्यांनी आतापर्यंत तोरणं सोसली होती, एकादश्या सोसल्या होत्या, पण पाळकाने सणाच्या दिवशी मंडळीला दारात ठेवून मारुतीपुढे उभं राहायचं, हे सोसणार नव्हते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पुन्हा देवळात जाणार नाही असं लिहून द्या, म्हणाले. पाद्रीबाबा म्हणाले, रविवारी जाणार नाही एवढं लिहून देतो. तेवढ्यावर भागलं नाही. चर्च गेलं, त्याबरोबर घर गेलं. बदली येणारा माणूस आला नाही, एवढं जरी तिथं सांगितलं असतं तरी थोडं हलकं झालं असतं. पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं नाही.

मग आमच्या गावाला उमाळा आला. सप्ताहाचे महाराज म्हणाले, आता आमच्यातच या, होम करू, नवं नाव देऊ. पाद्रीबाबा म्हणाले, "महाराज, मी त्याला सोडलेलं नाही. त्याच्याच घरून मी इथं येत होतो." उमाळा तिथंच ओसरला. पुढच्या वर्षी फळ्यावर त्यांचं नाव कुणी लिहिलं नाही. त्या बैठकीत मीही होतो. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही.

ते निफाडकडे गेले, एका बागायतदाराच्या मळ्यातल्या खोलीत. मला जायला सात वर्षं लागली. तोवर कारभारीणही गेली होती आणि माझ्या ओट्यावर कुणी येईनासं झालं होतं. पाद्रीबाबा वाळले होते. स्टोव्हवर चहा केला, द्राक्षांचा भाव विचारला, कारभारणीचं ऐकून डोळे मिटून हात जोडले. रविवारी काय करता, मी विचारलं. म्हणाले, खोलीत प्रार्थना करतो, मोठ्यानेच करतो, ऐकायला कुणी नसलं म्हणून काय झालं. जायची वेळ झाली तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी मी घरीच होतो. मुद्दाम."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "वीणेच्या जागेवरून तुमचा ओटा समोर दिसतो, नाना."

म्हणजे दोन तास ते मला बघत होते. मी म्हटलं, मग कोणाकडून निरोप का नाही धाडला?

"वाटलं, याल तुम्ही."

मला बसवून द्यायला ते फाट्यापर्यंत आले. बस दीड तास आली नाही. तुम्ही जा आता, ऊन लागेल, असं मी दहादा म्हटलं, पण ते हलले नाहीत. शेवटी बस आली, मी खिडकीत बसलो. वळणावरून मागे पाहिलं तर ते अजून तिथंच उभे होते, आणि त्यांच्याजवळ उभं राहायला त्या फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं.