शेजारून आणलेली गोळ्यांची पट्टी

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे अडीच. मुक्काम घुग्घुस, खाणीची कॉलनी. घरात हजर : मी, मिस्टर, मुलगी प्राजक्ता आणि आमचा म्हातारा, फाटक्या कानाचा कुत्रा भुऱ्या. दार बंद, कूलर चालू.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे भूतखेत, अंगारे-धुपारे बंद. मीही अशा गोष्टींना हसणाऱ्यांतलीच... त्यामुळे जसं घडलं तसंच लिहिते.

भुऱ्याची पाठ आखडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली – अर्धी, दिवसातून तीन वेळा. वेळा लिहून मी फ्रिजवर लावल्या. शनिवारी सकाळी गोळ्या संपल्या, डॉक्टर सोमवारी येणार. मिस्टर डंपर चालवतात. आमच्या कॉलनीत धक्के खाऊन सगळ्यांच्याच कमरा गेलेल्या, त्यामुळे कमरेच्या गोळ्या विरजणासारख्या शेजारून आणतात. मी सलमाभाभींकडून पट्टी आणली. ठळक अक्षरातलं नाव जुळवलं – तेच होतं. खालची बारीक ओळ वाचली नाही.

रविवार सकाळपर्यंत तीन वेळा दिली. भुऱ्या जेवेना, उठेना. या गोळीने गुंगी येते, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तेच धरून चालले.

चौथी गोळी गुळात दाबत होते, तेवढ्यात सलमाभाभींनी दार वाजवलं.

"वहिनी, तुमचा भुऱ्या माह्या घरी काऊन आला? औषधाच्या डब्यासमोर उभा राहून कण्हून राह्यला. हाकललं तरी हालत नाई."

मिस्टर हसले. "ऊन लागलं काय भाभी तुमाले? तो पाहा, दोन घंट्यांपासून इथीच पडून आहे."

भाभींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या उंबऱ्यातच बसल्या. "कान फाटलेला होता जी... हाच होता."

मीही हसले. वेळ झाली होती. गोळी दिली, कागदावर खूण केली.

संध्याकाळी रक्ताची उलटी. चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी उलटी करून दाखवली. "यात दुखणं थांबवायचं औषधही मिसळलेलं आहे, बाई. माणसाला चालतं, कुत्र्याच्या पोटात जखमा करतं. खाणं सुटलं तेव्हाच गोळी बंद करून फोन करायचा होता."

मंगळवारी भुऱ्या गेला.

फाटक्या कानाचा दुसरा कुत्रा कॉलनीत नाही. मी घरोघर विचारून आले. भाभींनी काय पाहिलं, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यांच्याकडे मांजर आहे. तिला माणसाची कुठलीच गोळी देऊ नका, एवढं मी बजावून आले. त्यांनी विचारलं, "भुऱ्याले झालं काय होतं वहिनी?"

"वय झालं होतं," मी म्हटलं.

खरं काय ते त्यांना सांगायचं अजून राहिलंय.