पाचटाची टाकी

कुजक्या पाचटाचा वास आला की अजूनही मी हातातलं काम टाकून बाहेर धावते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमारास औशाकडच्या आमच्या गावात दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, शेण मिळेना, म्हणून सासऱ्यांनी गोबरगॅसच्या टाकीत वाळलेल्या उसाचं पाचट भिजवून टाकलं. काही दिवस शेगडी पेटली, मग टाकी तुंबली. भर दुपारी माझे मालक गाळ काढायला टोपलं घेऊन, झाकण काढून शिडीनं आत उतरले. टोपलं पडल्याचा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. धाकटे दीर आत उडी घ्यायला धावले, तर सासूबाईंनी त्यांची बंडी धरली. "थांब! आत हवाच न्हाई. एक गेलाय, दुसरा असा जाऊ देनार न्हाई मी!" पोटचा लेक खाली पडलेला असताना त्या हे बोलल्या, तेव्हा मला त्यांचीही भीती वाटली. त्यांनीच विहिरीचा दोर दिरांच्या कमरेला बांधला. श्वास कोंडून दीर उतरले, मालकांना कवटाळलं आणि सासू-सासरे नि मी, तिघांनी दोर ओढला. मालकांचे ओठ निळे पडले होते. सासऱ्यांसमोर कधी मान वर न करणारी मी, मालकांच्या छातीवर मुठी आपटत त्यांना नावानं हाका मारू लागले, "ऊठ रे, ऊठ!" कितव्या हाकेला ते खोकले, आठवत नाही. आता ते सत्तरीत आहेत. दुपारी डुलकी घेतात, तेव्हा मी जाता-येता त्यांच्या नाकाशी हात धरून बघते.