मूस गाभण, बाई बाहेर

सकाळच्या गाडीने सोलापुरात उतरले तेव्हा मी भलत्याच खुशीत होते. पारा म्हणजे शिवाचं बीज आणि गंधक म्हणजे पार्वतीचं रज, हे जुन्या रसविद्येतलं (हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या विद्येतलं) वर्णन मी वर्षभर वाचत होते. हे सगळं मुळात धातू वितळवणाऱ्यांच्या भट्टीवर सुचलं असणार, असं मनाने घेतलं होतं. म्हणून अक्कलकोट रोडवर पितळी घंटा ओतणाऱ्या शिवाप्पांकडे निघाले.

रिक्षावाल्याने आधी चादरीच्या दुकानात नेऊन सोडलं. तिथून तंगडतोड करत पोचले. शिवाप्पांची सून रत्ना हिने दारातच कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. खाऊन आत शिरणार, तोच म्हातारा ओरडला, "ओ बाई, हितंच थांबा! मूस (धातू वितळवायचं भांडं) गाभण हाय."

गाभण! मी हरखलेच. भट्टी म्हणजे गर्भ, धातू म्हणजे त्यात वाढणारा जीव. पुस्तकांनी पानंच्या पानं खर्चून सांगितलेलं या माणसाने एका शब्दात सांगितलं होतं.

"मग मी बाहेर का?"

"बाईची सावली पडली की मूस गाभ टाकती."

माझं डोकंच फिरलं. गर्भ बाईचा, रज बाईचं आणि बंदीही बाईलाच!

उंबऱ्याबाहेरच्या दगडावर रत्नाशेजारी बसले. शिवाप्पांना मोतीबिंदू. धातूचा रंग बाहेरून बघून, ओतायची वेळ तीच सांगते.

"पंदरा वर्सं सांगतीया," ती हळूच म्हणाली. "एकदा तरी माज्या हातानं ओतायचंय, ताई."

थोड्या वेळाने ती ताडकन उठली. "मामा, पांढरा धूर यायलाय! पितळातलं जस्त जळायलंय, ओता आता!"

"तू गप की! मला कळतंय."

पाहुणीसमोर सुनेचं कसं ऐकायचं? म्हातारा मुद्दाम थांबला, मग ओतलं. साचा फोडला तर घंटेला बारीक भोकांची जाळी पडलेली, आवाज बद्द.

"बघा! पडली की न्हाय सावली?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"सावली न्हाय मामा, उशीर झाला," रत्ना म्हणाली.

"अहो, ती घसा फोडून सांगत होती!" मीही आवाज चढवला. "तिच्या डोळ्यांवर धंदा चालवता आणि तिलाच बाहेर बसवता?"

म्हाताऱ्याने पाठ फिरवून बिघडलेली घंटा कोपऱ्यात सारली. भट्टी निवल्यावर मात्र हाक आली, "रत्ने, आत ये. राख काढ."

ती झाडू घेऊन आत गेली. आता बाईची सावली चालत होती.

परतीच्या गाडीत माझा संताप मावत नव्हता. सोलापूर मागे पडल्यावर दिवसभराची टिपणं काढली. गाभण, मूस, गाभ टाकणे, सगळे शब्द नीट टिपले होते. वर ठळक लिहिलं होतं, 'माहिती देणारे : शिवाप्पा'. खालपर्यंत पाहिलं. रत्नाचं नाव मीही कुठे लिहिलं नव्हतं.